गळा आणि गुंडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. हातात सुई असली म्हणजे माझे तोंड आपोआप चालते; पण रिकाम्या हातांनी उभे राहून बोलायचे म्हणजे जीभ जड होते. म्हणून येताना ही पिशवी बरोबर आणली आहे. बोलता बोलता अडले, तर पिशवीतून एखादा नमुना काढून दाखवीन, म्हणजे वेळ निभावून जाईल.

कार्यवाहबाईंनी मला विषय दिला होता ‘विणयंत्र : एक गृहोद्योग’. तो मी त्यांच्या परवानगीने थोडा बदलून घेतला आहे. यंत्राचे कौतुक सर्वांनीच केले आहे. यंत्र आले त्या दिवशी आपण त्याला हळदकुंकू वाहिले, पेढे वाटले. मला बोलायचे आहे ते यंत्र थांबल्यानंतर जे काम उरते त्याविषयी. स्वेटरचा गळा आणि स्वेटरची गुंडी, एवढाच माझा विषय आहे.

ज्यांनी यंत्र जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. आपल्या यंत्रावर ओळीने दोनशे सुया आहेत. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि त्या आकड्यावर उघडझाप करणारी इवलीशी झडप. वरची गाडी उजवीकडून डावीकडे ओढली की झडपा पटापट मिटतात आणि एक ओळ तयार होते. ही झडपेची सुई इंग्लंडात मॅथ्यू टाऊन्सेंड नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात काढली. विणण्याचे पहिले यंत्र मात्र त्याहून पुष्कळ जुने. विल्यम ली नावाच्या एका पाद्र्याने ते १५८९ साली मोजे विणण्यासाठी केले. म्हणजे आपल्या शेजारी शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म व्हायला तेव्हा अजून एक्केचाळीस वर्षे अवकाश होता! एवढ्या काळात यंत्र पुष्कळ शहाणे झाले. मोठ्या कारखान्यांतून तर अख्खा स्वेटर शिवणीशिवाय बाहेर पडतो म्हणतात. पण आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले जे हाताने ओढायचे यंत्र, त्याला सरळ जाणे तेवढे चांगले कळते. आणि माणसाची मान काही सरळ नसते.

पाच वर्षांच्या मुलाच्या स्वेटरची पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या यंत्रावर अडीच तासांत उतरतात. उतरले की ते चार तुकडे टेबलावर ठेवून पाहा. त्यांच्या कडा वेलाच्या तणाव्यांसारख्या आत गुंडाळत जातात. नुसत्या सुलट विणीचा तो स्वभावच आहे. त्या कडांना ताळ्यावर आणायचे, चार तुकड्यांचे एक अंग करायचे आणि ते अंग एखाद्या रडणाऱ्या पोराच्या डोक्यावरून खाली उतरेल असे करायचे, हे सगळे हाताचे काम. त्यात मी एकदा कशी आपटले ते आधी सांगते, कारण शिकले ते तिथेच.

तीन हिवाळ्यांपूर्वी आपल्याकडे एका शाळेकडून लहान मुलांच्या चाळीस स्वेटरांची मागणी आली होती. गोल गळा, गर्द निळा रंग. यंत्रावर मी होते. गळ्याला आणि शिवणीला आपल्या चार भगिनी होत्या. त्या आज इथेच बसल्या आहेत, त्यांची नावे घेत नाही. घाई फार होती. मी गळ्याचे माप घेतले ते मुलांच्या मानेवरून. मान किती बारीक असते पोरांची! शिवाय वेळ वाचावा म्हणून गळ्यावरचे टाके मी यंत्रावरच घट्ट बंद करून तुकडे खाली दिले. भगिनींनी त्या बंद कडेवर पट्टी विणली. स्वेटर दिसायला दृष्ट लागावी असे झाले. गठ्ठा शाळेत गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. पोरांच्या डोक्यातून स्वेटर उतरेना. बाईंनी जोर करून घातले, तर कान लाल झाले आणि वर्गात रडारड झाली. एका मुलाच्या अंगातून तर तो काढताच येईना, शेवटी गळा कात्रीने कापावा लागला.

इथे सभेत त्यावर चर्चा झाली तेव्हा सर्वांचे म्हणणे एकच पडले की, “गळा ज्यांनी केला त्यांनी बिघडवला.” मी गप्प बसले. चूक मापाची होती आणि माप माझे होते, हे त्या दिवशी बोलायला मला धीर झाला नाही. त्या चौघींनी तीन रात्री बसून चाळीस गळे उसवले आणि पुन्हा केले. त्या कामाची वेगळी मजुरी कोणी दिली नाही, त्यांनी मागितली नाही. आज वर्धापनदिनाच्या दिवशी सर्वांसमक्ष सांगते की चूक माझी होती.

आता त्यातून जे शिकले ते. गळ्याचे माप मानेवर घ्यायचे नाही, डोक्यावर घ्यायचे. भुवयांच्या वरून मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवायची. वर्षाच्या बाळाचे डोके पंचेचाळीस-शेहेचाळीस सेंटिमीटर भरते, पाच वर्षांच्या मुलाचे पन्नासच्या आसपास, आणि तुमचे-माझे चोपन्न ते सत्तावन्न. म्हणजे पाच वर्षांचे पोर अंगाने आपल्या निम्म्याहून कमी असले तरी डोक्याने जवळजवळ आपल्याएवढेच असते! लहान मुलांचे गळे फसतात ते ह्यामुळे. गळा मानेशी बसायला पाहिजे बत्तीस सेंटिमीटरला आणि ताणला की जायला पाहिजे पन्नासला. ह्या दोन आकड्यांमध्ये सगळी कला आहे.

ती साधायची कशी? पहिली गोष्ट, पुढच्या गळ्याचे मधले टाके आणि पाठीच्या गळ्याचे सगळे टाके यंत्रावर बंद करू नयेत. दुसऱ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीने त्यांवर पाचसहा ओळी विणून तुकडा तसाच खाली उतरवावा. टाके जिवंत राहतात, सुटत नाहीत. मग दोन्ही खांदे शिवून, गोल सुईवर किंवा चार सुयांवर गळ्याभोवतीचे टाके उचलायचे. टाकाऊ लोकर त्यानंतर सोडवून घ्यायची. पाच वर्षांच्या मापाला पाठीचे छत्तीस, पुढच्या मधले सोळा आणि दोन्ही बाजूंच्या उतारावरून अठरा-अठरा. सगळे मिळून अठ्ठ्याऐंशी. उतारावर चोवीस ओळी असतात, तर तिथून चोवीस टाके का उचलायचे नाहीत, असे नव्या मुली विचारतात. कारण विणीचा टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. चार ओळींमागे तीन टाके उचलले म्हणजे पट्टी सपाट बसते. चार उचलले तर तिला झालर पडते, दोन उचलले तर गळा आवळतो.

मग दोन नंबर बारीक सुईने एक सुलट, एक उलट अशा दहा-बारा ओळी. पट्टी एवढीच पुरे. पण शेवटचे बंद करणे हा सगळ्या रोगाचा उगम आहे. आपण टाके घट्ट बंद करतो, कारण लहानपणी आपल्याला कोणीतरी सांगितलेले असते की सैल बंद म्हणजे गबाळे काम. इथे ते विसरायचे. मला पसंत पडलेली रीत अशी की टाके बंदच करायचे नाहीत. पट्टी दुप्पट उंच विणायची, आतल्या बाजूला दुमडायची, आणि सुईवरचा प्रत्येक जिवंत टाका शिवणाच्या जाड सुईने आतल्या कडेला हलक्या हाताने टाचायचा. एका टाक्याला एक टाका, दोरा ओढायचा नाही. असा गळा कितीही ताणा, कुरकुरत नाही, आणि सोडला की जागेवर येतो. ज्यांना दुमड जाड वाटते त्यांनी एकेरी पट्टीच सुईदोऱ्याने बंद करावी, पण तिथेही दोऱ्याला मोकळीक ठेवावी. आणि शिवून झाल्यावर टेप गळ्यात घालून ताणून पाहावे. पन्नासला गेली नाही तर स्वेटर घडीत जाता कामा नये. मंडळात आता आम्ही असे पाहिल्याशिवाय एकही गळा पुढे जाऊ देत नाही.

एक सूचना इस्त्रीबद्दल. आपण जिला लोकर म्हणतो ती हल्ली बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. तिच्या पट्टीवर गरम इस्त्री किंवा वाफ लागली की ताण कायमचा मरतो, आणि गळा ओल्या पापडासारखा लोंबतो. दुरुस्ती नाही. हेच अ‍ॅक्रिलिक आगीजवळ वितळते आणि कातडीला चिकटते, तेव्हा चुलीशी बसताना पोरांच्या अंगात ते घालू नये, हेही जाता जाता सांगून ठेवते.

आता गुंडीकडे येते. सहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या गोल गळ्याला मी आता डावा खांदा उघडा ठेवते आणि त्यावर तीन गुंड्या लावते. मग डोके किती मोठे ही चिंताच राहत नाही. पण गुंडी म्हटली की प्रश्न येतो, बाजारची की घरची? पुण्याला बोहरी आळीत बटणे किलोवारी मिळतात, स्वस्त मिळतात, मीही आणत असे. पण एक तर रंग जुळत नाही. शिवाय ही बटणे कपड्यासाठी केलेली असतात, विणीसाठी नव्हे. त्यांच्या धारेने लोकर चिरते, आणि वजनाने खांदा खाली ओढला जातो. विणलेल्या स्वेटराला विणलेली गुंडीच शोभते आणि टिकतेही.

मी तीन प्रकारच्या गुंड्या करते. पहिली क्रोशाची. सहा मुक्या खांबांचे वर्तुळ, पुढच्या फेरीत बारा, तिसरीत बाराच, मग दोन-दोन एकत्र घेत पुन्हा सहा. मिटवण्यापूर्वी आत त्याच लोकरीची उरलेली टोके ठासून भरायची. कापूस भरू नये, धुतला की गोळा होतो. ही गुंडी बोरासारखी मऊ होते. मूल त्या खांद्यावर झोपले तरी टोचत नाही.

दुसरी आपल्या आजोबा-पणजोबांच्या बंडीवरची, गाठीची. यंत्रावर तीनच सुया घेऊन बारीक गोल दोरी काढता येते. दीड वीत दोरीची ती गाठ घालायची, आणि त्याच दोरीचा फासा समोर शिवायचा. काज करायलाच नको. ही गाठ मला येत नव्हती. मंडळात ती एकाच काकूंना येत होती, त्यांनी ती आपल्या सासऱ्यांच्या बंडीसाठी शिकून घेतलेली. त्या ऐंशीच्या घरात आहेत आणि डोळे अधू आहेत, पण बोटांनी चाचपून गाठ घालतात. मी दोन आठवडे रोज दुपारी त्यांच्या पायाशी बसून ती शिकले. आता ती आठजणींना येते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी भरायला जाणाऱ्या पुरुषांसाठी आपण जे उंच गळ्याचे, पुढून उघडे स्वेटर करतो, त्यांना हीच गुंडी घालते. थंडीने बोटे बधिर झालेली असतात, शिवाय एका हातात विजेरी असते, कारण बिबट्याचे भय आपल्या भागाला नवे नाही. अशा वेळी बारीक काजातून चपटे बटण घालणे अवघड. फाशात गुंडी मात्र अंधारातही एका हाताने अडकते. हे मला कोणी पुस्तकातून सांगितले नाही, माझ्या दिरांनी सांगितले.

तिसरी करवंटीची. देवाला फोडलेल्या नारळांच्या करवंट्या आपल्याकडे चुलीत जातात. करवंटी चांगली वाळवून त्यावर नाण्याभोवती रेघ मारायची, लोखंड कापायच्या पात्याने कापायची, कानशीने कडा गोल करायच्या आणि काचकागदाने घासून गुळगुळीत करायची. दोन भोके पाडायची, आणि शेवटी खोबरेल चोळायचे. काळीभोर चकाकी येते. भोकांच्या कडा मात्र आतूनही घासल्या पाहिजेत, नाहीतर त्या दोरा कापतात. ही गुंडी मोठ्यांच्या स्वेटरलाच लावावी.

कोणतीही गुंडी असो, लावताना विणीच्या मागे कापडाचा तुकडा किंवा फीत घ्यावी. फीत आधी धुऊन आटवून घ्यावी. नुसत्या टाक्यावर गुंडी लावली तर महिन्याभरात तिथे भोक पडते. आणि काज गुंडीपेक्षा लहान दिसले पाहिजे, कारण वीण ताणते. यंत्रावर काज करायचे तर एक टाका शेजारच्या सुईवर सरकवून रिकामी सुई कामात ठेवायची, की पुढच्या ओळीत तिथे छिद्र राहते. लहान गुंडीला तेवढे पुरते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र मी ह्या तिन्ही गुंड्या बाजूला ठेवते. बाळ हाताला येईल ते तोंडात घालते, आणि सुटलेली गुंडी घशात अडकायला क्षण पुरतो. आपल्या आज्या झबल्याला गुंडी लावीत नसत, बंद लावीत, ते उगाच नव्हे. पण बंदांचेही एक आहे. कुंचीचे लांब बंद आणि गोंडे पाळण्यात अडकून गळ्याला आवळू शकतात, म्हणून गळ्याशी तेही नकोत. तान्ह्यांसाठी मी पाठ आणि पुढचा भाग खांद्यावर एकमेकांवर चार बोटे चढवते. ना गुंडी, ना बंद. डोके जाताना खांदे आपोआप उघडतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या कपड्याला गुंडी लावावीच लागली, तर ती मऊ असावी आणि लावल्यावर पुरुषाकडून जोराने ओढवून पाहावी. लाजू नये. दुकानदारापुढेही ओढून दाखवावी.

इंग्लंडात डॉर्सेट नावाचा एक परगणा आहे. तिथल्या खेड्यांतून सतराव्या शतकापासून बायका घरी बसून गुंड्या करीत. कडीवर दोरा गुंडाळायचा, चाकाला आरे असतात तसे दोरे आडवे-उभे घालायचे आणि त्यांत विणत जायचे. हजारो घरांची चूल त्यावर पेटत असे. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले, त्या सुमारास बटणाचे यंत्र आले आणि थोड्याच वर्षांत तो धंदा बसला. पुष्कळ कुटुंबे देशोधडीला लागली, काही कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. ही हकीकत वाचली तेव्हा मला आपल्या त्या चौघी आठवल्या. डॉर्सेटच्या बायकांचे काम यंत्राने हिरावून घेतले. आपल्याकडे तसे झालेले नाही. आपल्याकडे यंत्र आले आणि हाताचे काम उलट वाढले. वाढले, पण ते मोजायचे आपण विसरलो.

म्हणून मागच्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले घड्याळ घेऊन त्या चौघींच्या शेजारी बसले. टाके उचलायला वीस मिनिटे. अठ्ठ्याऐंशी टाक्यांच्या बारा ओळी, म्हणजे हजाराहून अधिक टाके, त्याला पाऊण तास. दुमड टाचायला अर्धा तास. खांदे, बाह्या आणि बगला शिवायला तास. गुंड्या करून लावायला अर्धा तास, त्यातही हात सरावलेला असला तर. एकंदर तीन तासांच्या वर. यंत्रावर माझे जातात अडीच. आणि आपल्या वहीत मजुरीचे वाटे कसे आहेत? चारांपैकी तीन यंत्रावरच्या बाईला, एक गळा-शिवणीला. वहीत ते कलम ‘किरकोळ’ ह्या सदराखाली आहे. तो शब्द लिहिणारी मीच. यंत्र आले तेव्हा हिशेब माझ्याकडे होता, आणि मला वाटले की शिकून घ्यावे लागते ते यंत्र, गळा काय, कोणालाही येतो. कोणालाही येतो तर चाळीस गळे परत का आले असते?

काही भगिनी म्हणतील, यंत्राला तेल लागते, सुया मोडतात, त्याचा खर्च आहे. खरे आहे. तो खर्च आधी वेगळा काढा, मग उरलेले तासांप्रमाणे वाटा. पुढच्या मासिक सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. त्याने माझी स्वतःची मजुरी कमी होईल हे मला ठाऊक आहे. घरी सांगून झाले आहे. ‘किरकोळ’ हा शब्द खोडून तिथे ‘गळा व गुंडी’ असे सदर घालावे, हे त्याच ठरावात आहे. अनुमोदन कोण देणार ते मी आज विचारीत नाही, सभेत विचारीन.

माझे बोलणे झाले. पिशवीतले नमुने मी त्या टेबलावर मांडते. तीन प्रकारच्या गुंड्या आहेत, मोजून अठ्ठेचाळीस. शाळेकडून परत आलेल्यांपैकी एक स्वेटरही आहे, त्याचा जुना गळा मी मुद्दाम उसवला नाही. त्याच्याशेजारी नवा ठेवला आहे. दोन्हींत हात घालून ताणून पाहा. गुंड्याही ओढून पाहा, जोराने ओढा. एखादी निघाली तर तशीच टेबलावर ठेवून जाऊ नका, माझ्या हातात आणून द्या. ती कोणी लावली आहे ते मला ठाऊक आहे. त्यातल्या सतरा माझ्या आहेत.